पोळ्याच्या आठवड्यात नागपूर: भिंती, चितार ओळ आणि मारबत

नागपुरातली रस्त्यावरची कला बघायला एकदाच यायचं असेल, तर पोळ्याच्या आदल्या दिवशी पोचावं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबत, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणारा मोठा पुतळा, मिरवणुकीने निघते आणि दिवस मावळेपर्यंत तिची राख झालेली असते. त्यानंतर दोन-तीन दिवसांत गणपती बसतात, म्हणजे चितार ओळीतलं, मूर्तिकारांच्या वस्तीतलं, काम ऐन भरात असतं. रंगवलेल्या भिंती मात्र वर्षभर असतातच, त्यामुळे त्यांना पहिली सकाळ पुरते.

भिंतींची मोठी रांग वर्धा रोडवर, विमानतळाकडून शहरात येणाऱ्या वाटेवर. मार्च २०२३ मध्ये इथे सी-२० ची, म्हणजे जी-२० मधल्या नागरी संस्थांच्या गटाची, बैठक झाली, तेव्हा बऱ्याच भिंती एका झपाट्यात रंगवल्या गेल्या. मेट्रो वरून जाते, डब्यातून भिंत दिसत नाही, चालावंच लागतं. आठच्या आत उरकलं तर बरं, नंतर चित्रांपुढे गाड्या लागतात.

चित्र बघताना आधी खालचा हातभर पट्टा बघा. भिंत जमिनीतली ओल वर ओढते, ओलीबरोबर क्षार येतात, लोणा लागतो आणि रंग पापुद्रे धरून सुटतो. जुना चुना न खरवडता, प्रायमर न देता थेट रंग मारला असेल तर दोन पावसाळ्यांत खेळ आटोपतो. पश्चिमेला तोंड असलेल्या भिंतीची गोष्ट वेगळी: मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं दुपारचं ऊन स्वस्तातला तांबडा-पिवळा रंग आधी खातं, गेरूसारखे मातीचे रंग टिकतात. गेरूवर पांढऱ्या रेघांची वारली चित्रं इतर चित्रांपेक्षा ताजी दिसतात ती यामुळेच. तरी वारली पालघर-डहाणूकडची. विदर्भाच्या शेजारची गोंड चित्रकला असताना भिंत दिसली की वारली काढायची, हा आळस आहे.

तिथून मेट्रोच्या ऑरेंज लाइनने झिरो माइल फ्रीडम पार्क स्टेशन. बाहेर पडलं की इंग्रजांच्या जमीन मोजणीतला १९०७ चा वालुकाश्माचा खांब आणि शेजारी चार घोडे. समुद्रसपाटीपासूनची उंची तिथे फुटांत कोरलेली आहे: १०२०.१७१. दहा मिनिटं पुरेत. जवळच गोवारी स्मारक आहे. गोवारी समाजाच्या मोर्चात २३ नोव्हेंबर १९९४ ला झालेल्या चेंगराचेंगरीत मेलेल्या ११४ जणांचं. तिथे मात्र थोडं थांबावं.

चितार ओळीला दुपार राखून ठेवा. सीताबर्डीहून ॲक्वा लाइनची प्रजापती नगरकडे जाणारी गाडी घ्यायची, पाचवं स्टेशन चितार ओळी चौक. उतरून कोणालाही 'मूर्तीवाल्यांची ओळ' विचारलं की दाखवतात. चितारी म्हणजे चित्रं काढणारा; नाव त्यावरून पडलं, आता काम मुख्यतः मातीचं.

मूर्ती कुठल्या टप्प्यावर आहे हे ओळखता आलं तर बघण्यात मजा आहे. पाटावर लाकडाचा सांगाडा उभा करतात, त्यावर तणस, म्हणजे भाताचा पेंढा, सुतळीने आवळून अंगाचा आकार देतात. मग भुसा मिसळलेल्या जाड मातीचा थर. तो वाळताना तडकतो, तडकायलाच हवा. त्या भेगा बुजवून वर गाळलेल्या बारीक मातीचा हात देतात. मग पांढरं अस्तर, मग रंग, डोळे सगळ्यांत शेवटी. खरा शत्रू भादव्याची दमट हवा. आतली माती ओली असताना अस्तर चढवलं की चार दिवसांत फुगारे येतात, म्हणून ताडपत्रीखाली पंखे आणि गॅसच्या शेगड्या चालू असतात. त्या शेगड्यांजवळ ओढणी, पिशवी सांभाळा. ओल्या अस्तराला बोट लावू नका, ठसा राहतो. फोटो विचारूनच काढा, आणि डोळे आखणाऱ्याच्या तोंडावर फ्लॅश मुळीच नको.

मूर्ती घ्यायची असेल तर उचलून बघा. मातीची जड लागते; पीओपीची त्याच आकाराला हलकी असते आणि बुडाशी पांढरीफेक, गुळगुळीत दिसते. दुकानदाराच्या 'शाडूचीच आहे'वर जाऊ नका.

आता मारबत. मारबती दोन: काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघते. काळी इतवारीत नेहरू पुतळ्याजवळची. इंग्रजांशी हातमिळवणी केलेल्या, नागपूरच्या भोसले राजघराण्यातल्या बाकाबाई भोसले यांच्या निषेधातून ती निघाली असं सांगतात. पिवळी जागनाथ बुधवारीतली, तऱ्हाणे तेली समाजाची. तिची देवी म्हणून पूजा होते. बांबूच्या सांगाड्यावर कागद, कापड, रंग असा हा कारभार. मिरवणुकीआधी काही दिवस पिवळीला दर्शनासाठी ठेवतात. रेखाटन करायचं असेल, चेहरा जवळून न्याहाळायचा असेल तर तेव्हाच. मिरवणुकीत ते जमत नाही.

त्या दिवशी सकाळी नऊच्या आत इतवारीत असावं. गाडी आणू नका, रस्ते बंद असतात. ॲक्वा लाइनने अग्रसेन चौक किंवा चितार ओळी चौकात उतरून चालत जा. दोन्ही मारबतींची भेट दुपारच्या सुमारास नेहरू पुतळ्याजवळ होते आणि सगळी गर्दी तिथेच कोंदते. पोरं बरोबर असतील तर भेटीचा चौक टाळून अलीकडच्या रुंद रस्त्याच्या कडेला, दुकानाच्या पायरीवर उभं राहिलेलं बरं. फोन लागत नाहीत. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा. पायात बूट हवेत, चप्पल चिखलात राहते.

मोबाइलवर फोटो घेताना बोट काळीच्या चेहऱ्यावर टेकवून उजेड ठरवा. तसं केलं नाही तर मागच्या पांढुरक्या आभाळापुढे चेहरा नुसता कोळसा येतो. पिवळीला ही अडचण नाही.

मारबतींवरच समाधान मानून परतू नका, मागून बडगे येतात. महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी लोकांच्या डोक्यात गेलेला पुढारी, असे एकेकाचे पुतळे, गळ्यात पाट्या. ओबडधोबड असतात, चिंध्या नि कागदाचे. पण शहराच्या भिंतीवर जे कोणी रंगवू देणार नाही ते इथे भर रस्त्यातून चालतं. पाट्या वाचा, सगळी गंमत तिथेच आहे. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी ऐकू आली की रस्त्याच्या मधून बाजूला व्हा, मागचा लोंढा थांबत नाही.

पिवळीचं दहन नाईक तलावाच्या भागात होतं. तिथवर जायचं तर पाण्याची बाटली जवळ ठेवा, धुराच्या वाऱ्याला उभे राहू नका आणि परतीला लगेच स्टेशन गाठू नका. तासभर कुठे तर्री पोहे खाऊन गेलात तर फलाटावर उभं राहायला जागा मिळते.