उजव्या कोपरावरचं ऊन

आज ठाणे-बेलापूर रोडला तेच दृश्य: एसी फुल्ल, काचा बंद, ड्रायव्हरच्या उजव्या कोपरावर ऊन. सकाळी बेलापूरहून ठाण्याला जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यांची तर दोन्ही वेळा तीच बाजू भाजते.

समोरची काच लॅमिनेटेड. मधला प्लास्टिकचा थर यूव्हीए (उन्हातले त्वचेत खोलवर जाणारे अतिनील किरण) जवळजवळ सगळे अडवतो. दाराची बहुधा साधी टफन्ड (कडक केलेली, एकाच थराची). ती यूव्हीबी (त्वचा लाल करणारे अतिनील किरण) अडवते, म्हणून त्वचा लाल होत नाही आणि कळतही नाही. यूव्हीए मात्र बऱ्यापैकी आत येतात. काळेपणा, सुरकुत्या त्यांच्याच. गडद काच म्हणजे यूव्ही बंद, हा गैरसमज (आणि बाजूच्या काचेतून 50 टक्के प्रकाश आरपार जायलाच हवा, नाहीतर पावती!).

पूर्ण बाही घाला. सनस्क्रीनवर एसपीएफ 30 सोबत पीए+++ (यूव्हीएपासूनच्या संरक्षणाचं माप) बघा, कारण एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीचंच माप. चेहरा-मानेला दोन बोटं भरून, निघण्याआधी 15 मिनिटं. स्टिअरिंगवरचे पंजे सगळेच विसरतात.