कर्त्याचा रकाना

हस्तलिखितांचं नोंदपत्रक भरताना लिपी, पत्रसंख्या, लांबी-रुंदी हे झरझर होतं. अडतं ते 'कर्ता' या रकान्याशी. पुराण असलं की 'व्यास' लिहून मोकळं होता येतं. ऋग्वेदाच्या पोथीला काय लिहायचं? ऋषी हे मंत्रांचे द्रष्टे. त्यांना मंत्र दिसले, त्यांनी ते रचले नाहीत, असं परंपरा मानते. यास्कांनी निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या ग्रंथात, ऋषी शब्दाची फोडच 'ऋषिर्दर्शनात्', दर्शनामुळे ऋषी, अशी दिली आहे.

मागच्या पावसाळ्यात साठीच्या पुढच्या एक काकू पुण्यातल्या आमच्या संग्रहात पोथी द्यायला आल्या. घर विकायला काढलं होतं. लाल रुमालात, दोन लाकडी फळ्यांमध्ये बांधलेली सुटी पानं. वरच्या पानावर दसऱ्यांचं कुंकू साठून पापुद्रा झालेला.

"आमचं अगस्ती गोत्र. ही पोथी अगस्ती ऋषींच्या हातची, असं सासरे सांगायचे."

कागद बघूनच मला उत्तर माहीत होतं, पण शेवटचं पान काढून दाखवलं. कसर लागून शकाचे पहिले दोनच आकडे उरले होते, १६. म्हणजे शके सोळाशेतलं कुठलं तरी साल, १६७८ ते १७७८ च्या दरम्यानचं. खाली पोथी उतरवणाऱ्या लेखनिकाने नेहमीचा श्लोक टाकलेला: जसं पुस्तक पाहिलं तसं मी उतरवलं, शुद्ध-अशुद्ध काही असलं तर दोष माझा नाही. द्रष्टा म्हणतो मी रचलं नाही, लेखनिक म्हणतो चूक माझी नाही. रकान्याला वाली कोण?

पण सासऱ्यांच्या म्हणण्याला थोडा आधार निघाला. पोथी ऋग्वेदाची होती. ऋग्वेदाची संहिता, म्हणजे मूळ मंत्रपाठ, आठ अष्टकांत विभागलेली असते, आणि हे होतं दुसरं अष्टक. मंडलं ही त्याच मंत्रांची दुसरी विभागणी. पहिल्या मंडलातली शेवटची २७ सूक्तं, १६५ ते १९१, अगस्त्यांच्या नावे आहेत आणि ती सगळी याच अष्टकात येतात. काकूंचा चेहरा खुलला.

"वाचून दाखवता? आम्हाला उघडायची मुभा नव्हती. लांबून नमस्कार."

मी १७९वं सूक्त काढलं. सहाच ऋचा. काळी शाई, अक्षरांखाली आणि डोक्यावर स्वरांच्या तांबड्या रेघा, शब्द एकाला एक चिकटलेले. चौथ्या ऋचेतल्या चार अक्षरांखाली कागदाची पट्टी धरली. काकूंनी चष्मा सारखा केला आणि लावून लावून वाचलं, "लो... पा... मुद्रा."

"अगस्तींची बायको," मी म्हटलं. "आणि पहिल्या दोन ऋचा तिच्याच. त्यांची ऋषी म्हणून अनुक्रमणी, म्हणजे कुठल्या सूक्ताचा ऋषी कोण याची जुनी यादी, तिचंच नाव देते."

"म्हणजे हीसुद्धा ऋषी?"

"हो."

"आणि आम्ही हात लावायचा नाही!" त्या हसल्या. मला हसावं की नाही कळेना.

स्वरांसकट म्हणणं हे वैदिकांचं काम, माझं नव्हे. मी अर्थ सांगितला. "पूर्वीरहं शरदः शश्रमाणा. कित्येक शरद मी राबत आले, रात्रंदिवस. एकेक पहाट म्हातारं करत जाते, म्हातारपण देहाची शोभा नेतं." पुढे ती नवऱ्याला जवळ बोलावते; ते मी जरा आवरतं घेतलं.

काकू पानाकडे बघत राहिल्या.

"शरद म्हणजे आश्विन-कार्तिक ना?"

"हो."

"मग बरोबर. नवरात्र, दिवाळी, सगळं तेव्हाच अंगावर येतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "यावर ते काय म्हणाले?"

तिसरी ऋचा अगस्त्यांची. "न मृषा श्रान्तं यदवन्ति देवाः. ज्याला देवांची साथ असते ते कष्ट वाया जात नाहीत."

"हं," काकू म्हणाल्या. "म्हणायला काय जातंय."