तुम्ही विचारलंत म्हणून: वेंगुर्ल्याची डच वखार

वेंगुर्ल्याला आलेला पाहुणा सागरेश्वरचा किनारा बघतो, बंदरावर जाऊन येतो, मासे जेवतो आणि मग त्या पडक्या दुमजली इमारतीकडे बोट दाखवून विचारतो, "हा किल्ला कुणाचा?" किल्ला नव्हे, डचांची वखार, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. डच एवढ्या लहान गावात कशाला आले? इथे असा कुठला माल मिळायचा? बऱ्याच जणांनी विचारलंय, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

ते मालासाठी आले नव्हते. गोवा इथून जवळ होता, म्हणून आले.

पूर्वेकडचा पोर्तुगिजांचा व्यापार डचांना मोडायचा होता, आणि त्या व्यापाराची नाडी गोव्यात होती. 1636 पासून पावसाळा सरला की डच जहाजांचा ताफा गोव्यासमोर येऊन उभा राहायचा, पोर्तुगिजांची ये-जा अडवायचा आणि पुढचा पाऊस लागायच्या आत निघून जायचा. महिनोन्‌महिने समुद्रात नांगर टाकून बसलेल्या त्या शेकडो माणसांना गोडं पाणी आणि तांदूळ द्यायचा कुणी? गोव्यात तर उतरायची सोय नाही. वेंगुर्लं उत्तरेला अगदी लागून, बंदर चांगलं, आणि मुलूख विजापूरच्या आदिलशाहीचा. 1510 मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला तो आदिलशाहीकडूनच. 1637 साली योहान व्हान ट्विस्ट हा डच वकील विजापूरला मुहम्मद आदिलशहाच्या दरबारी गेला आणि डचांना वेंगुर्ल्यात बस्तान बसवता आलं.

तावेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या 1648 साली इथे उतरला होता. त्याने गावाचं नाव 'मिंग्रेला' असं लिहिलंय. इथलं पाणी उत्तम, तांदूळ फार चांगला, वेलची नावाजलेली, आणि माल बांधायला लागणारं जाडंभरडं कापडही इथे होतं, असं तो सांगतो. आणि पुढे स्पष्टच म्हणतो, की डचांचं इथलं ठाणं व्यापारापेक्षा जहाजांच्या शिधासामग्रीसाठी आहे. माझ्या मते या इमारतीविषयी ह्याहून नेमकं कुणी लिहिलेलं नाही. मसाल्याच्या राशी, सोन्याची नाणी असलं चित्र डोळ्यांपुढे असेल तर ते बाजूला ठेवा. ही एका लांबलेल्या लढाईची कोठी होती.

आज दिसते ती वास्तू 1655 च्या सुमाराची. जाड भिंती आणि बेताच्या खिडक्या बघून लोकांना किल्ला वाटतो, त्यात नवल नाही. डच-पोर्तुगीज लढाईतली मधली शांतता संपून गोव्याची नाकेबंदी पुन्हा सुरू होण्याचा तो काळ. शिवाय गावही सुरक्षित नव्हतं. 1660 मध्ये शिवाजी महाराजांची शिबंदी इथे बसली, 1664 मध्ये बंडाळीमुळे त्यांनी गाव जाळलं, 1675 मध्ये मोगलांनी पुन्हा जाळलं. असल्या गावात तांदळाचं कोठार राखायचं तर भिंती तशाच हव्यात.

मला स्वतःला या वखारीतला सगळ्यात मोलाचा माल वाटतो तो कागद. इथले डच अधिकारी आसपास काय घडतंय ते सतत बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, कळवत असत. आब्राहाम लेफेबर याने ऑक्टोबर 1674 मध्ये वेंगुर्ल्याहून लिहिलेल्या पत्रात रायगडावरच्या राज्याभिषेकाची हकिकत आहे. राज्याभिषेक होऊन जेमतेम चार महिने झाले होते. शिवकाळाचा अभ्यास करणारे आजही या डच पत्रांकडे वळतात. आपल्या गावातून गेलेलं ते पत्र शाळेतल्या पोरांना कुणी वाचून दाखवावं, असं मला फार वाटतं.

1663 पर्यंत डच-पोर्तुगीज लढाई थांबली आणि कोठीची गरजच उरली नाही. तरी डच काही वर्षं टिकून राहिले, पण सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी गाशा गुंडाळला. मग सावंतवाडीकर सावंतांचा अंमल, आणि 1812 मध्ये सावंतवाडीच्या राणीकडून गाव इंग्रजांकडे. पुढे याच वखारीत सरकारी कचेऱ्या भरत. घाटावरचा माल आंबोलीवरून उतरून वेंगुर्ल्याच्या बंदराला लागायचा ते दिवसही तिने पाहिले. 1880 च्या दशकात मुरगावहून घाटावर रेल्वे गेली आणि तो माल तिकडे वळला.

कचेऱ्या होत्या तोवर इमारत शाबूत होती, कारण दरवर्षी पावसाआधी कुणीतरी कौलं परतत होतं. माणसं गेली, छप्पर गेलं, आणि मग भिंतींत झाडं रुजली. कागदोपत्री ती राज्य संरक्षित स्मारक आहे. पण कोकणातला पाऊस कागद वाचत नाही. जांभा दगड उघड्यावर टिकतो, हे खरं. पण भिंतीच्या माथ्यावरून आत पाणी मुरायला लागलं की दगडांमधल्या सांध्यांतला चुना धुऊन जातो, मोकळ्या सांध्यांत पिंपळ-वडाची मुळं शिरतात, आणि ती उपटायला गेलं की भिंतच हातात येते. म्हणून मुळं उपटायची नाहीत, कापून जागच्या जागी मारायची. सांधे चुन्यानेच भरायचे, सिमेंटने नाही. सिमेंटमुळे ओल आतच कोंडते. आणि ह्या सगळ्याच्या आधी वर छप्पर हवं, साध्या पत्र्याचं, तात्पुरतं का असेना. सुशोभीकरण, रंगीत दिवे, माहितीचे फलक हे सगळं त्यानंतर.