थेरपिस्टची सुट्टी

आज सेशन संपता संपता मॅडम म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात मी सुट्टीवर आहे." मी लगेच, "हो हो, मस्त, जाऊन या!" इतकं झटपट की त्या वही मिटता मिटता थांबल्या. "आत्ता काय झालं आत?" काही नाही, म्हणणार होते. पण हात पर्सची चेन उघड-बंद करत होता.

मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांचा साधारण वर्षभराच्या बाळांवरचा प्रयोग आठवला. आई थोडा वेळ खोलीबाहेर जाते, परत येते. काही बाळं रडतात आणि आई आली की कुशीत शिरून शांत होतात. काही आईला चिकटतात आणि रागाने ढकलतातही. काही मात्र मान फिरवून खेळतच राहतात. किती गुणी बाळ, असं वाटावं! पुढे संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेले. (घरचे मला 'समजूतदार' म्हणतात ते उगाच नाही.)

थेरपिस्टने पेशंटसाठी सुरक्षित आधार व्हावं, म्हणजे दुखऱ्या गोष्टींकडे बघायची हिंमत होते, असं मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी मांडायचे. मला ते पुस्तकी वाटायचं. फी देऊन घेतलेल्या तासात कसली आलीये माया? पण काही वाटलंच नाही असं दाखवायची जुनी सवय नेमकी त्याच खुर्चीत डोकं वर काढते, आणि समोरचं माणूस ना चिडतं, ना दुखावतं. मैत्रीण असती तर "ओके" म्हणून विषय संपला असता.

शेवटी म्हटलं, "तुम्ही जाताय ते मला नाही आवडलं."

"बरं झालं सांगितलंत. पुढच्या वेळी इथूनच सुरू करू."