ओस्त्रावाच्या बर्फावर

प्रागहून पूर्वेला निघालेली गाडी तीन-साडेतीन तासांत ओस्त्रावाला पोचते. पोलंडची हद्द तिथून जवळच. चेकियाला येणारे आपले लोक प्राग बघतात, फार तर कार्लोव्ही वारीला जातात. ओस्त्रावाच्या वाटेला कोणी जात नाही. कोळसा आणि पोलादाचं हे गाव. १८२८ साली सुरू झालेला व्हीत्कोवित्सेचा लोखंड कारखाना १९९८ मध्ये थंडावला, पण तो पाडला नाही. गंजलेल्या भट्ट्या आणि जाडजूड नळ तसेच ठेवून त्यांच्यामधून लोकांना फिरायला वाट करून दिली आहे. एका भट्टीच्या डोक्यावर काचेचा मनोरा चढवलाय, त्याला उसेन बोल्टचं नाव आहे. वर उभं राहिलं की सगळं शहर दिसतं.

मी आलो होतो मात्र बर्फासाठी. २०१९ मधली जागतिक पॅरा आइस हॉकी स्पर्धा २७ एप्रिल ते ४ मे या काळात इथल्या ओस्त्रवार अरेनात होती. २०१६ पर्यंत या खेळाला आइस स्लेज हॉकी म्हणत आणि जुने प्रेक्षक अजूनही तेच म्हणतात. कमरेखाली अपंगत्व असलेले खेळाडू स्लेजवर बसून हॉकी खेळतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॉकहोममधल्या एका पुनर्वसन केंद्रातल्या लोकांनी हा खेळ शोधून काढला. पाय गेले तरी हॉकी सोडायची नाही, एवढाच त्यांचा हट्ट होता. १९९४ मध्ये लिलेहामरला तो पॅरालिम्पिकमध्ये आला आणि पहिलं सुवर्ण स्वीडननेच नेलं.

सरावाच्या वेळी काचेला अगदी नाक लावून बसता येतं. समोरच एक खेळाडू स्लेजमध्ये बसत होता. आधी खोलगट आसनात नीट रुतून बसला, मग मांडीवरचा पट्टा, मग पायांचा. प्रत्येक पट्टा ओढल्यावर कंबर डावी-उजवीकडे हलवून बघायचा. जरा सैल वाटलं की पुन्हा ओढायचा. कारण वळायचं ते कमरेने. आसनाखाली दोन पाती असतात आणि त्यांच्यामधून पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती, पलीकडे जाऊ शकतो. दोन्ही हातांत एकेक आखूड काठी, तिच्या एका टोकाला लोखंडी दात, दुसऱ्या टोकाला पक मारायचं पातं. दात बर्फात रोवून होडी वल्हवावी तसं स्वतःला पुढे ढकलायचं आणि पक जवळ आला की मनगटाच्या एका झटक्यात काठी फिरवायची. हे डाव्या आणि उजव्या, दोन्ही हातांनी. त्यामुळे फटका कुठल्या बाजूने येणार याचा गोलरक्षकाला शेवटपर्यंत पत्ता नसतो.

खेळात धसमुसळेपणा भरपूर. खांद्याला खांदा भिडवणं चालतं, पण स्लेजचं पुढचं टोक समोरच्याच्या अंगात सरळ घुसवलं तर थेट शिक्षा. पंधरा मिनिटांचे तीन डाव असतात आणि एवढ्या वेळात कुणाला कुठला पाय नाही हे माझ्या डोक्यातून पार गेलं होतं.

याचं निम्मं श्रेय मी त्या इमारतीला देईन. हे २०१५ च्या पुरुषांच्या जागतिक आइस हॉकी स्पर्धेचंच स्टेडियम. पॅरा हॉकीत राखीव खेळाडूंच्या जागेला उंबरठा नसतो. बर्फ सरळ आत जातो, खेळाडू स्लेजसकट सरकत येतो आणि सरकत बाहेर पडतो, कुणी उचलावं लागत नाही. समोरची फळीही पारदर्शक, म्हणजे खाली बसलेल्यांना खेळ दिसतो. हे बघताना आपल्याकडच्या नाट्यगृहांच्या दारातल्या पायऱ्या आठवल्या आणि मनापासून राग आला. इथे कुणी चमत्कार केला नव्हता. खेळाडू कुठे बसणार याचा आधी विचार केला होता, बस्स.

चेक संघ उतरला की गाणं एकच: ‘चेशी, दो तोहो!’, म्हणजे ‘चला चेकहो!’ माझ्या शेजारचे आजोबा नातवाला घेऊन आले होते. मिखाल गायरकडे पक गेला की दोघं एकदम उठायचे. कोरियाचा जंग सुंग-ह्वान तर हातांच्या जोरावर असा सुटतो की आजोबांनी प्रतिस्पर्ध्यालाही टाळ्या दिल्या. मध्यंतरात त्यांनीच मला ‘स्माझेनी सिर’ची टपरी दाखवली. तळलेल्या चीजची ती जाड वडी, शाकाहारी माणसाचा तिथला मोठा आधार.

अमेरिकेच्या रिको रोमनबद्दल ऐकलं तेव्हा मला मुरलीकांत पेटकर आठवले. रोमनने इराक युद्धात झालेल्या जखमांमुळे पाय गमावला आणि नंतर तो या खेळात आला. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले, पोहायला लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण त्यांनी जिंकलं. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं.

अंतिम सामना ठरल्यासारखा अमेरिका आणि कॅनडा यांच्यातच. वर्षभरापूर्वी प्योंगचांगच्या पॅरालिम्पिक अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटात अमेरिकेच्या डेक्लन फार्मरने बरोबरी साधली होती आणि जादा वेळेतला विजयी गोलही त्याचाच. कॅनडाला ते विसरणं शक्यच नव्हतं. किशोरवयात कर्करोगामुळे पाय गमावलेला टायलर मॅकग्रेगर आणि त्याचे साथी जीव तोडून खेळले. वेळ संपली तेव्हा फळ्यावर २-२. जादा वेळ सुरू झाला आणि पुन्हा अमेरिकेनेच गोल केला. अमेरिका ३-२.

कांस्य कोरियाने नेलं, यजमान चौथे राहिले. आजोबांना वाईट वाटलं, पण ‘असं हॉकी घरात बसून दिसत नाही’, असं त्यांनी हातवारे करत मला पटवून दिलं.

कॅनडाचा हिशोब पुरा व्हायला पुढे पाच वर्षं लागली. २०२४ च्या मे महिन्यात कॅल्गरीला, घरच्या प्रेक्षकांसमोर, त्यांनी जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अमेरिकेला २-१ ने हरवलं. तो सामना मी लॅपटॉपवर पाहिला, आणि शेवटची शिटी झाल्यावर मॅकग्रेगरसाठी मोठ्याने ओरडलो.