डोंगर कुठे पळून जातोय?

पहिला कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसाला फुकटच्या सल्ल्यांची ददात नसते. लग्नसमारंभांचे फोटो काढणारा ओळखीतला कुणी बजावतो की घ्यायचा तर फुल फ्रेमच, म्हणजे प्रकाश टिपणारा सेन्सर मोठा असलेलाच घे. कचेरीतले पक्षीवेडे सहकारी ऑटोफोकसच्या वेगावर पाऊण तास बोलतात. आणि ज्यांनी जन्मात कॅमेरा हाती धरलेला नाही असे एखादे काका 'आता मोबाइलमध्येच सगळं येतं की' असे म्हणून विषय मिटवून टाकतात. तिघांचेही आपापल्या जागी बरोबर असते. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला कार्यालयातल्या अपुऱ्या उजेडाशी झगडायचे असते, पक्षीमित्राचा विषय क्षणात भुर्रकन उडून जातो आणि काकांना फोटो कौटुंबिक ग्रुपवर टाकायचा असतो. ज्याला सह्याद्रीच्या डोंगरदऱ्या टिपायच्या आहेत त्याचा विषय मात्र काही कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड झाल्यापासून जागचा हललेला नाही.

एवढे ध्यानात धरले, तर बेताच्या पैशांत कॅमेरा घेण्याचा निम्मा प्रश्न सुटतो, असे माझे मत आहे. नव्या कॅमेऱ्याची किंमत कशाकशाने चढते ते पाहावे. सेकंदाला वीस फोटो घेण्याची क्षमता, धावत्या माणसाचा डोळा पकडून ठेवणारा ऑटोफोकस, मिणमिणत्या दिव्यातही स्वच्छ चित्र देणारा उंच आयएसओ (प्रकाशाला असलेली संवेदनशीलता), झकास व्हिडिओ. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर ट्रायपॉड लावून, आयएसओ १०० वर ठेवून, संजीवनी माचीवर ऊन येण्याची वाट पाहत बसलेल्या माणसाला यांतले काय लागते? फोकस तर तो हातानेच करतो. मागच्या पडद्यावर चित्र मोठे करून, दूरच्या कातळाची कडा धारदार दिसेपर्यंत लेन्सवरचे कडे हळूहळू फिरवत. त्याला घाई नसते, आणि कॅमेऱ्यांच्या दुनियेत सर्वांत महाग विकली जाणारी गोष्ट वेग हीच आहे.

लेन्सचेही तसेच. एफ २.८ इतके रुंद छिद्र उघडणारी झूम लेन्स भरभक्कम पैसे मागते, पण निसर्गचित्रात पायाशी उमललेल्या सोनकीपासून क्षितिजावरच्या सुळक्यापर्यंत सगळे स्पष्ट हवे असते, म्हणून छिद्र एफ ८ ते एफ ११ इतके बारीक करूनच फोटो काढला जातो. त्या ठिकाणी कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची साधी किट लेन्सही महागड्या लेन्सच्या बरीच जवळ येते. तिला नाके मुरडण्याची जी रीत पडली आहे, ती मला अजिबात पटत नाही. आकाशगंगेचे फोटो हा याला अपवाद. तिथे रुंद छिद्र आणि उंच आयएसओ दोन्ही लागतात. पहिल्याच कॅमेऱ्याकडून तेवढी अपेक्षा करू नये.

आता बाजाराकडे वळू. २०१८ साली निकॉन आणि कॅनन या दोन्ही कंपन्यांनी आपल्या नव्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या मालिका काढल्या, त्यांच्यासाठी लेन्स बसवायचे नवे माउंट आणले, आणि हौशी-व्यावसायिक सगळ्यांचा ओढा तिकडे वळला. त्यामुळे आरशाचे जुने डीएसएलआर सेकंड हँड बाजारात मोठ्या संख्येने आले आणि त्यांचे भाव उतरले. त्यांतले चित्र काही त्या दिवसापासून बिघडले नाही. उदाहरणच द्यायचे तर २०१३ साली आलेल्या निकॉन डी५३०० चे देता येईल. सेन्सर चोवीस मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० बाय ४००० ठिपक्यांचे चित्र. इंचाला ३०० ठिपके धरले तर वीस इंच रुंदीची उत्तम छपाई सहज होते. फोर-के टीव्हीला तर जेमतेम त्र्याऐंशी लाख ठिपके पुरतात. पडदा बाहेर काढून हवा तसा वळवता येतो, ही त्याची आणखी एक सोय. कासच्या पठारावर जमिनीलगतच्या फुलांचा फोटो घेताना चिखलात पालथे न पडता काम भागते, याचे मोल ओल्या कपड्यांनी परतीचा प्रवास केलेल्यालाच कळेल.

त्याच वर्षीचा कॅनन ७००डी हाताळायला अधिक सुटसुटीत आहे आणि त्याचा पडदा स्पर्शाने चालतो. तरीही डोंगरांसाठी मी निकॉनच सुचवीन, आणि त्याला कारण आहे. सूर्य उगवत असताना आकाश लखलखीत आणि दरी काळोखी असते. अशा वेळी आकाश जपून फोटो थोडा काळपट घ्यायचा आणि घरी संगणकावर रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) दरीचा अंधार उजळायचा, ही नेहमीची पद्धत. त्या काळच्या कॅननच्या सेन्सरमध्ये असा अंधार उजळला की रवाळपणा आणि पट्टे लवकर दिसू लागतात. निकॉनची फाइल ती ओढाताण पुष्कळ अधिक सोसते. सोनीचा २०१४ चा ए६००० याही बाबतीत चांगला आहे आणि वजनाला हलका, मात्र त्याची बॅटरी लवकर संपते. गडावर मुक्काम असेल आणि चार्जिंगची सोय नसेल, तर दोन जादा बॅटऱ्या हिशेबात धराव्यात. फुल फ्रेमचा मोह झालाच तर कॅनन ५डी मार्क टू हा २००८ चा कॅमेराही जुन्यात मिळतो, पण त्याची नुसती बॉडी आठशे ग्रॅमच्या पुढे भरते आणि त्याच्या तोडीच्या लेन्स तितक्याच जड. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढताना हे ग्रॅम किलो होतात.

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकाने दाटीने आहेत. तिथे किंवा आणखी कुठेही, जुना कॅमेरा घेताना मोबाइलचा टॉर्च चालू करावा आणि लेन्स काढून तिच्या एका बाजूने उजेड टाकून दुसऱ्या बाजूने, जरा तिरके करून, आत पाहावे. बारीक धूळ दिसली तर सोडून द्यावी. ती प्रत्येक लेन्समध्ये असते आणि चित्रात उतरत नाही. पण काचेच्या कडेपासून आत पसरत गेलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतू दिसले, तर ती बुरशी आहे. 'साफ करून देतो, साहेब' या वाक्यावर जाऊ नये, कारण बुरशी काचेवरचा लेप कुरतडते आणि साफ केल्यावरही डाग मागे राहू शकतात. आपल्या हवेत हा रोग इतका सर्रास आहे की कोकणात किंवा मुंबईत पावसाळे काढलेली लेन्स मी तरी उजेडात धरल्याशिवाय घेणार नाही.

मग लेन्स परत बसवून छिद्र एफ १६ करावे आणि दुकानाच्या दारात येऊन आभाळाचा, नाहीतर पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढावा. सेन्सरवर कचरा असेल तर करडे ठिपके लगेच दिसतात. माणसांचे फोटो रुंद छिद्राने काढणाऱ्या आधीच्या मालकाला ते कधी दिसलेही नसतील. आपल्याला मात्र प्रत्येक आभाळात दिसतील. हा दोष सफाईने जातो, तेव्हा त्यासाठी सौदा मोडू नये, भाव थोडा पाडून घ्यावा. शटर किती वेळा पडले आहे तेही विचारावे. निकॉनच्या मूळ फाइलमध्येच तो आकडा नोंदलेला असतो, त्यामुळे तोंडी ग्वाहीवर विसंबावे लागत नाही.

समजा, एकूण तीस हजार रुपये आहेत. बॉडी आणि किट लेन्स मिळून वीस-बावीसच्या आत बसवावे आणि उरलेल्या पैशांतला मोठा वाटा निःसंकोच ट्रायपॉडला द्यावा. इथे काटकसर करणाऱ्याने एकदा कोकणकड्यावर संध्याकाळी उभे राहावे. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून उत्तम प्रकाश मावळतीचा. आणि नेमका त्याच वेळी खालून वर येणारा वारा असा घोंगावतो की प्लॅस्टिकच्या सांध्यांचा, बोटभर जाडीच्या पायांचा ट्रायपॉड तंबोऱ्याच्या तारेगत थरथरतो. उजेड कमी झालेला, छिद्र एफ ११, शटर एक-दोन सेकंद उघडे. त्यात तिपाई थरथरली की चोवीस मेगापिक्सेल पाण्यात. फोटो कॅमेऱ्यातल्या दोन सेकंदांच्या टायमरने घ्यावा, आणि मधला दांडा वर न चढवता त्याच्या आकड्याला पाठीवरची सॅक अडकवता येईल असा भक्कम ट्रायपॉड हवा. तो पुढचे दोन-तीन कॅमेरेही जगतो.

त्यानंतर पैसे उरले तर पोलरायझर फिल्टर घ्यावा. पावसाळ्यात ओला काळा कातळ आणि ओल्या कारवीची पाने आभाळाचा उजेड इतका परावर्तित करतात की फोटोतली हिरवाई धुवट दिसते. हा फिल्टर हलकेच फिरवला की पानांवरची पांढुरकी चकाकी डोळ्यांदेखत उतरते आणि खालचा खरा हिरवा रंग वर येतो. बाकीच्या बहुतेक फिल्टरांचे काम संगणकावर निभावते, पण ही चकाकी एकदा फोटोत आली की मागाहून काढता येत नाही. तो प्रकाशही निम्म्याहून अधिक खातो, म्हणजे पुन्हा ट्रायपॉड आलाच. वाइड अँगल लेन्सची घाई मात्र करू नये. हिवाळ्यातल्या सकाळी घाटमाथ्यावरून दिसणाऱ्या डोंगरांच्या एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगा वाइड लेन्समध्ये एका रेघेएवढ्या होऊन बसतात. जुन्यात स्वस्त मिळणारी ५५-२०० ची लेन्स त्या रांगा जवळ आणून एकमेकींवर रचते. दुसरी लेन्स घ्यायची तर मी आधी ती घेईन.

राहिला पावसाळ्याचा प्रश्न. वातानुकूलित गाडीतून माळशेज घाटात उतरल्याबरोबर कॅमेरा बाहेर काढला तर लेन्स आतबाहेर धुकटते. अर्धा तास तो बॅगेतच राहू द्यावा. घरी कॅमेरा कातडी बॅगेत, कपाटाच्या तळाशी ठेवणे म्हणजे बुरशीला आवतण. चांगल्या झाकणाचा हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलचे निळे दाणे आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक एवढे पुरते. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान असावा. ओल शोषून दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवावेत, ते पुन्हा निळे होतात. मात्र त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असते, त्यामुळे या कामाला वापरलेली कढई पुन्हा स्वयंपाकाला घेता येत नाही. घरात नंतर वादावादी नको असेल, तर कॅमेऱ्याच्या अंदाजपत्रकात एक स्वतंत्र कढईही धरून ठेवावी.