केशरची अंडी अडकली तेव्हा

कॉर्न स्नेकची (हा अमेरिकेतला बिनविषारी साप, इकडे घरी पाळतात) पिल्लं काढायची असतील, तर दवाखान्यात नुसतं ‘तुम्ही साप बघता का?’ एवढंच विचारू नका. बघणारा डॉक्टर कोण, तो रजेवर गेला तर त्याच्या जागी कोण, हे दोन्ही विचारून ठेवा. माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी हेच लिहितेय.

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. केशर आमची मादी. मादी तीन वर्षांची आणि तीनशे ग्रॅमची होईपर्यंत तिला नराजवळ सोडायचं नाही, हे आम्ही काटेकोर पाळलं. थंडीतली झोप, वसंतात जोडी, सगळं सुरळीत झालं. पुढे महिन्याभरानं अंड्यांआधीची कात पडली. तिथून साधारण आठ-दहा दिवसांत अंडी येतात, म्हणून त्याच दिवशी झाकणाला भोक पाडलेला डबा आत ठेवला, त्यात ओलसर स्फॅग्नम मॉस, म्हणजे ओल धरून ठेवणारं शेवाळ. मॉस मुठीत घट्ट पिळल्यावर पाणी गळता कामा नये.

केशरनं बरीच अंडी घातली आणि ती थांबली. शेपटीच्या बाजूला दोन फुगवटे स्पष्ट दिसत होते. दुसरा दिवसही तसाच सरत आला, तेव्हा फोन लावला. महिन्यापूर्वी याच दवाखान्यानं ‘हो, बघतो’ म्हटलं होतं. आता उत्तर आलं, साप बघणारे डॉक्टर सुट्टीवर आहेत, सोमवारी या. अहो, अंडी अडकलीत, सोमवारपर्यंत जीव जाईल! पुन्हा होल्डवर तीच धून. इथल्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सची, म्हणजे पशुवैद्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेची, आचारसंहिता सांगते, की आपल्या कौशल्यानुसार कुठल्याही प्राण्याला तातडीची प्राथमिक मदत द्यावी. ते वाक्य मी फोनवर वाचून दाखवलं. तरी ‘सॉरी’च.

शेवटी सरपटणारे प्राणी बघणारी एक डॉक्टर दुसऱ्या गावात सापडली. तिनं एक्स-रे काढला, केशरला उबेत ठेवलं. त्या रात्री दोन्ही अंडी बाहेर आली. मी तिथेच खुर्चीत बसून रडले. घरी बोटांनी पोट दाबून अंडं ढकलायचा प्रयत्न कुणीही करू नका, आतच फुटू शकतं.

अंडी उचलताना फिरवायची नाहीत, वरच्या बाजूला पेन्सिलनं खूण करा. एकमेकांना चिकटलेली सोडवू नका. अंडी ठेवायला व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारं हलकं खनिज) आणि पाणी वजनानं सारखं घ्या, तापमान २८ अंशांच्या आसपास, आणि मग दोन महिने धीर. इनक्युबेटर, म्हणजे अंडी उबवायची पेटी, आधी रिकामा चालवून बघा, हे वर सांगायचं राहिलं.

महाराष्ट्रातल्या वाचकांनो, हे धामणीवर करायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपले साप पाळायला बंदी आहे.

केशर आता लहान-लहान घास खातेय. अंडी घातल्यावर मादी फार खंगते, तिला एकदम मोठा उंदीर देऊ नका. पुढच्या वर्षी तिला जोडी नाही, पूर्ण विश्रांती.